इंजिनापाठोपाठ पाटे

टिळकवाडीतून खानापूरच्या दिशेने निघाले, की तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडे उद्यमबाग सुरू होते. फाउंड्रीची भट्टी, लेथ, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग, क्रँकशाफ्ट यांवर बेळगावचे नाव देशभर गेले. इथल्याच शेडमध्ये आणि टिळकवाडी, अनगोळच्या गॅरेजांत आणखी एक काम चालत आले आहे. जुन्या पेट्रोल जीपमध्ये, तिच्यावरच बेतलेल्या पिकअपमध्ये, दुसरे इंजिन बसवायचे आणि त्या इंजिनाला पेलतील असे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, खाली घालायचे. बेळगाव ते निपाणी या पट्ट्यात या कामाने किती गाड्यांना दुसरे आयुष्य दिले, हे इथल्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला सांगायला नको. बेळगावच्या उद्योगाचा इतिहास सांगताना हे काम वगळले जाते, ते मला योग्य वाटत नाही.

इथल्या मातीला ही सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. त्यातून कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी जागा सोडायला लावली, औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण यंत्र उघडून बघायचे, आपल्या कामाला जुळत नसेल तर बदलायचे आणि बदललेले शेतकऱ्याच्या हाती देऊन त्याचे म्हणणे ऐकायचे, ही रीत बेळगावात राहिली. जीपवाल्या मेस्त्रींनी तीच रीत पुढे चालवली, असे मी मानतो.

महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे इथेच बनू लागलेल्या सीजे-३बी या ‘हाय बोनेट’ जीपने ग्रामीण भारत पालथा घातला. तिच्यात २,१९९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते, हरिकेन नावाचे. मागे लांब चासी आणि हौदा घेतला की पिकअप तयार. तंबाखूच्या वखारीपासून कंत्राटदाराच्या खाणीपर्यंत सगळीकडे ती चाले. ती दणकट होती, चढाला मागे हटत नसे. पण पेट्रोल प्यायची. हौद्यात माल भरून घाट चढताना लिटरला सात-आठ किलोमीटर मिळाले तरी मालक समाधानी असे. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि हे समाधान संपले. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. गाडी विकून नवी घ्यायला पैसा नाही, नवी घ्यायची म्हटली तरी नंबर लावून थांबायचे. मग आहे त्याच गाडीत डिझेल इंजिन घालावे, हा विचार गावोगाव एकाच वेळी सुचला.

पहिला पर्याय ट्रॅक्टरच्या इंजिनाचा होता. महिंद्रनेही इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले सुमारे २,३५० सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये दिले. ओढायला ते राक्षसी. पण ते शेतातल्या चालीचे इंजिन होते. सीजे-३बीच्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाक एकदा फिरते. जीपच्या सोळा इंची टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेई तेव्हा गाडी ताशी शंभराच्या आसपास जाई. ट्रॅक्टरचे इंजिन दोन-सव्वादोन हजारांतच दमते. हिशेब केला तर ताशी पन्नास-पंचावन्न. डिझेल वाचले, पण निपाणीहून कोल्हापूर गाठायला जास्त वेळ जाऊ लागला. तेव्हा ज्याला वेग हवा, त्याला मागचा क्राउन-पिनियन बदलायला लागला, ४.८८ चा सेट मिळाला तर उत्तम. जीप चारही चाकांची असेल तर पुढचाही तसाच हवा, नाहीतर फोर व्हील घातल्याबरोबर पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांशी भांडतात. इंजिन बदलायचे म्हणून आलेला माणूस असा दोन्ही डिफ्रन्शियल उघडून बसायचा.

वजनाचे दुखणे याहून मोठे. डिझेलमध्ये दाबाने पेट घ्यायचा असतो. पेट्रोल इंजिनातला दाब सातपटीच्या आसपास, त्या काळच्या डिझेलमध्ये वीसपटीच्या वर. म्हणून ब्लॉक जाड, क्रँक जाड, फ्लायव्हील जड, वर मोठी बॅटरी आणि दांडगा स्टार्टर. हे सगळे पुढच्या दोन पाट्यांच्या डोक्यावर. आठवड्याभरात गाडी नाक टाकायची. खड्ड्यात ॲक्सल चासीला आपटायचा, ब्रेक दाबला की गाडी आणखी वाकायची, हेडलाइट रस्त्याऐवजी बंपरपुढची माती दाखवायचे. ‘इंजिन बसले’ म्हणून पेढे वाटणारा मालक महिन्याने पाटेवाल्याच्या दारात असायचा.

या पाटेवाल्यांबद्दल मला अपार आदर आहे. पाट्याचे गणित पुस्तकात असे आहे: त्याच जाडीचा एक पाटा वाढवला तर ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. सातांचे आठ केले तर सुमारे चौदा टक्के. पण जाडी वाढवली तर ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात चढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा संच घातला तर एकदम एकोणसाठ टक्के. हे सूत्र न शिकता ज्यांनी ओळखले, त्यांनी जाड पाट्यांचा मोह टाळला आणि मूळ जाडीचा एक पाटा वाढवून, बाकीच्यांची कमान भट्टीत तापवून पुन्हा वर आणून, पाणी देऊन काम केले. ज्यांनी ट्रकचे पाटे कापून घातले, त्यांच्या गाड्या रिकाम्या असताना दगडासारख्या उडत. पाणी देण्यातही सगळा जीव. कमी दिले तर पाटा महिन्यात बसतो, जास्त दिले तर सेंटर बोल्टच्या भोकापाशी कडकन तुटतो. तिथे थर्मामीटर नसे. पोलादाचा रंग बघून डोळ्याने ठरवायचे, आणि तो डोळा तयार व्हायला वर्षे लागत.

पाट्याचे टोक चासीला जोडणारा शॅकल लांब करून गाडी उचलायचा सोपा मार्गही निघाला, पण त्याने पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो. हा कल, म्हणजे कास्टर, बिघडला की पन्नासच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरू लागते आणि एकदा सुरू झालेली थरथर गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय जात नाही. यावर पाट्याखाली पाचरीसारखी तिरपी पट्टी घालतात. गाडी चार इंच उचलली तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, जॉइंटचे क्रॉस लवकर जातात. ब्रेकच्या होज लांब कराव्या लागतात. शॉकॲब्सॉर्बर तोकडे पडतात. यातले एकही काम मालकाच्या मूळ मागणीत नव्हते.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. महिंद्रने फ्रान्सच्या प्युजोशी करार करून इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे २,११२ सीसीचे इंजिन काढले. हे डिझेल चार-साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत पळायचे, म्हणजे जीपच्या जुन्या क्राउन-पिनियनशी त्याचे जमले. एमएम-५४० त्याच्यावरच चालली. पुण्याच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या ओएम-६१६ घराण्यातले २.४ लिटरचे इंजिन मॅटाडोरमध्ये, मग ट्रॅक्समध्ये दिले, आणि आमच्या भागात वडापवर, म्हणजे सीटवारी प्रवासी वाहतुकीवर, ट्रॅक्स दिसू लागल्या. अपघातात गेलेल्या मॅटाडोरचे इंजिन कोल्हापुरात मिळायचे, जीप निपाणीची, लेथचे काम बेळगावात. महाराष्ट्र-कर्नाटकाची सीमा कागदावर होती. सुटे भाग तिच्यावरून रोज ये-जा करत.

मॅटाडोरचे इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला लावायचे तर मधे अडॅप्टर प्लेट लागते. दोन कंपन्यांच्या बोल्टांची भोके एकावर एक येत नाहीत, म्हणून जाड प्लेट कापून एका बाजूला इंजिनाची, दुसऱ्या बाजूला बेल हाउसिंगची भोके पाडायची. ऐकायला सोपे वाटते. पण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकच्या मागच्या बेअरिंगमध्ये नेमके मधोमध बसले पाहिजे. प्लेट जाड झाली तर टोक तिथे पोचत नाही, पातळ झाली तर क्लच प्लेट दाबून बसते. केंद्र जरा सरकले तर क्लच सुटत नाही, गिअर ओरडतात आणि काही महिन्यांत शाफ्टचे दात झिजतात. ही शतांश मिलिमीटरची भाषा आहे, आणि ती येणारे लेथवाले उद्यमबागेत होते, कारण दिवसभर ते कारखान्यांच्या कास्टिंगवर तसलीच कामे करत. भट्टी, लेथ, डायल गेज, पोलादाची पारख, सगळे चार-पाच किलोमीटरच्या आत. दिल्लीच्या मायापुरीत किंवा हरियाणाच्या मंडी डबवालीत या धंद्याचे मोठे बाजार आहेत, त्यांचे नावही मोठे आहे. बेळगावला तसा बाजार नव्हता. कसब मात्र अस्सल होते.

चोर्ला घाटाने या कामाची कसून परीक्षा घेतली. बेळगावची भाजी रात्री गोव्याला जाते. जांबोटी, कणकुंबी, मग घाट उतरून साखळी. पिकअपच्या हौद्यात कोबी, फ्लॉवर, टोमॅटो कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरलेले असते. जाताना उतार, येताना रिकामी गाडी. मालासाठी मागचे पाटे वाढवले तर परतीच्या प्रवासात रिकामी गाडी ओल्या वळणावर मागून घसरते. म्हणून जाणते लोक मुख्य संच मऊ ठेवून वर मदतीचा संच देत. भार आला की तोही टेकतो, भार नसला की अलग राहतो. इंजिन ताकदवान झाले म्हणून माल वाढला, माल वाढला म्हणून पाटे वाढले, आणि ब्रेक मात्र तेच जुने ड्रमचे राहिले. काही मालकांनी तिथे खर्च केला नाही. घाटात त्याची किंमत माणसांनी मोजली, आणि या धंद्याची बाजू घेतानाही मला हे लपवायचे नाही. इंजिनावर जेवढा पैसा गेला, तेवढा आधी ब्रेकवर जायला हवा होता.

या शतकाच्या सुरुवातीला पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला. कोगनोळी, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर हा रस्ता मोकळा झाला आणि गाड्या ऐंशी-नव्वदने धावू लागल्या. साठच्या वेगाला जुळवलेली जीप तिथे अस्थिर वाटू लागली. शिवाय २००० मध्ये बोलेरो आली. कारखान्यातूनच डिझेल मिळत असताना जुन्यावर खर्च कोण करणार? पोटासाठीचे काम ओसरले. उरले ते हौसेचे. २०१० मध्ये थार आली, २०१४ पासून गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजची शर्यत होऊ लागली आणि चिखलात उतरायला जीप उंच करणारी तरुण पोरे पुन्हा त्याच पाटेवाल्यांकडे गेली. त्यांना ॲक्सलच्या वर पाटा हवा होता, मोठे टायर हवे होते, पॉवर स्टिअरिंग हवे होते. जुन्या मेस्त्रींचे कसब त्यामुळे आणखी काही वर्षे हाताशी राहिले, याचा मला आनंद आहे.

कायद्याची बाजू सोडून हा मागोवा पुरा होत नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात बदल कळवून आरसी बुकात लिहून घेण्याची वाट होती. १९८८ चा कायदा आला आणि २००० मधल्या दुरुस्तीने कलम ५२ कडक केले: नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करायचा नाही. केरळातल्या एका खटल्यात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. चोर्ल्यात काय घडत होते ते पाहता कडक कायदा हवाच होता. पण चांगले काम आणि वाईट काम यांत फरक करणारी तपासणी आपण कधी उभी केली नाही. पुण्यात एआरएआय ही वाहने तपासणारी संस्था १९६६ पासून आहे. तिथे कंपन्यांच्या गाड्या तपासल्या जातात. एकट्या मालकाच्या एका जीपला तो खर्च परवडण्यासारखा नाही. आरटीओच्या आवारात ब्रेक, कास्टर, जोडणी तपासून मान्यता देणारी साधी व्यवस्था असती, तर निष्काळजी माणूस बाहेर पडला असता आणि जाणत्याला आपले काम उघडपणे करता आले असते.

२००० च्या त्याच दुरुस्तीत एक दार मात्र उघडे ठेवले आहे. मान्यताप्राप्त किटने दुसऱ्या इंधनावर किंवा विजेवर गाडी चालवायला परवानगी मिळू शकते. म्हणजे जुन्या पिकअपमधून डिझेल काढून मोटार आणि बॅटरी बसवणे, ही आजची कायदेशीर इंजिन-बदली. आणि तिथे जुनाच प्रश्न उलटा होऊन समोर येतो. पुढचे जड इंजिन गेले की पुढचे पाटे ताठ राहतात, नाक वर जाते, कास्टर पुन्हा हलतो. बॅटरी हौद्याखाली घातली तर मागचे वजन कायमचे वाढते आणि रिकामी गाडी कधीच खऱ्या अर्थाने रिकामी नसते. मोटार पहिल्याच फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते, तेव्हा जुन्या ॲक्सलवर येणारा पीळ वेगळा मोजावा लागतो. किट विकणारे हे सगळे संगणकावर काढतात, आणि काढावेच. पण पुढचा संच सात पाट्यांचा ठेवायचा की सहाचा, हे ठरवताना त्यांनी उद्यमबागेतल्या एखाद्या वयस्क पाटेवाल्याला शेजारी बसवावे.