रिजेक्शनचा चहा

सकाळी सव्वासहा

आज बुधवार, म्हणजे आमचा शनिवार. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे बाकीचं जग आठवड्याच्या मधोमध कंटाळून बसलेलं असतं, तेव्हा आम्ही सुट्टीच्या तोंडावर असतो. कासारवाडीच्या गल्लीतून स्कूटी बाहेर काढली की पहिला मुक्काम नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाजवळची टपरी. एका बाजूला रात्रपाळी सुटलेले, डोळे तांबारलेले; दुसऱ्या बाजूला आमच्यासारखे पहिल्या पाळीचे, अजून नीट न उघडलेले. दोन्ही गटांना एकाच पातेल्यातलं पाजायचं हे मामांचं कसब.

"ताई, साखर कमीच ना?" मामा रोज विचारतात आणि रोज तेवढीच घालतात. पाणी, साखर, ठेचलेलं आलं, पावडर, एक रटरटीत उकळी, मग दूध, मग पुन्हा उकळी. दहा रुपये. उभ्या उभ्या तीन मिनिटांत संपतो. यापेक्षा जास्त वेळ लागणारा चहा या रस्त्यावर चालणारच नाही, कारण सातला पंचिंग आहे.

सात ते दहा

मी क्वालिटीत. आमचं वर्कशॉप ग्राइंडिंगचं जॉबवर्क करतं. माझी जागा म्हणजे स्टँडर्ड रूम: काचेचं दार, एसी, आणि भिंतीवर २० अंशांवर स्थिर ठेवायचा थर्मामीटर. मोजमापाचं जग २० अंश सेल्सियसवर चालतं. पोलाद तापलं की फुगतं, आणि मशिनवरून गरमागरम आणलेला नग माझ्या मायक्रोमीटरमध्ये खोटं बोलतो. म्हणून आधी त्याला गार होऊ द्यायचं. ऑपरेटरला तेवढा धीर नसतो, मला ठेवावाच लागतो.

आज बुशचा लॉट आहे. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, टॉलरन्स १३ मायक्रॉन, तोही फक्त खालच्या बाजूला. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे चार-पाच टॉलरन्स सहज बसतील. स्नॅप गेजची गो बाजू नगावरून सरकली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे. मापात बसणारे पुढे, रिवर्कचे पिवळ्या बिनमध्ये, बाकीचे लाल बिनमध्ये.

पावणेदहाला एक ऑपरेटर नग घेऊन उभा. "मॅडम, नुसता डेंट आहे. फिटिंगला काही होत नाही."

बरोबर होतं त्याचं. फिटिंगला काहीच होणार नव्हतं. पण ड्रॉइंगवर लिहिलंय, पृष्ठभाग निर्दोष हवा. नग लाल बिनमध्ये गेला. तो काही बोलला नाही, फक्त बिनकडे बघत राहिला, आणि ते बघणं बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

सकाळी दहा

किटली आली. दहा मिनिटांची सुट्टी, कागदी कप, वर साय धरलेला चहा. बोलणं चहावरच गेलं, कारण संध्याकाळी मी कोरेगाव पार्कातल्या एका चहाघरात जाणार हे सकाळीच फुटलं होतं. तिथे तैवान, जपान, युन्नानचे दुर्मीळ चहा मिळतात आणि एका माणसाच्या चहाला साडेचारशे रुपये पडतात. ही बातमी शॉपफ्लोअरवर मशिन बंद पडल्याच्या बातमीइतक्याच वेगानं पसरली. त्यावर कुणीतरी आसामच्या 'मनोहारी गोल्ड'चं सांगितलं. तो २०२१च्या डिसेंबरात गुवाहाटीच्या लिलावात ९९,९९९ रुपये किलोनं गेला होता. सगळे हसले. आमच्या सुपरवायझरांनी तेवढ्यात किलोला कप किती पडतील याचा हिशेब सुरू केला.

मला त्या किटलीतल्या पावडरीबद्दल बोलायचं होतं, पण दहा मिनिटांत ते कुठे जमणार. आपण पितो तो दाणेदार चहा मुळात मशिन शॉपचीच चीज आहे. १९३०च्या सुमारास आसामच्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर या माणसानं दातेरी पोलादी रोलरांची जोडी चहाच्या पानावर चालवली. दोन रोलर उलट दिशेनं फिरतात, आणि एक दुसऱ्याच्या साधारण दहापट वेगानं. पान त्यात चिरडतं, फाटतं, वळतं. हेच सीटीसी. दाणा लहान, रंग झटपट, दुधापुढे न हरणारी चव. भारतातला बहुतेक चहा आज असाच बनतो. रोलरचे दात बोथट झाले की चहा बिघडतो, म्हणून ते ठरावीक तासांनी उतरवून पुन्हा धार लावायला न्यावे लागतात. असे रोलर आमच्या टेबलावर कधी आले नाहीत, पण आले असते तर आमच्या पोरांनी त्यांची रेघ चुकू दिली नसती. मामांच्या पातेल्यातली पावडर आणि आमचा बुश, दोन्ही एकाच घराण्यातले: एकसारखे, मोजलेले, कालच्यासारखेच आज.

दुपार

डबा, दुसरा लॉट, ऑडिटचे कागद. चाकणच्या कस्टमरकडून एक जपानी इंजिनिअर येऊन गेले. त्यांना दुधाचा चहा नको असतो हे आता आमच्या पॅन्ट्रीला ठाऊक आहे. मागे त्यांनीच सेंचाची छोटी पुडी भेट दिली होती. हिरवं पान वाफवून केलेला तो नाजूक चहा पॅन्ट्रीत आलं घालून दुधात उकळला गेला आणि सगळ्यांनी एकमुखानं त्याला 'फिका' ठरवलं. तीन दहाला शेवटचा रिपोर्ट, साडेतीनला पंचिंग.

संध्याकाळी पावणेपाच

घरी जाऊन कपडे बदलले आणि कासारवाडीहून मेट्रो पकडली. २०२२च्या मार्चपर्यंत या स्टेशनच्या जागी नुसते खांब आणि धूळ होती. आता दापोडी, खडकी मागे पडतात, रेंजहिल्सनंतर गाडी जमिनीखाली शिरते. सिव्हिल कोर्टला खोल उतरलेली माणसं पुन्हा सरकत्या जिन्यांनी वर चढून दुसऱ्या मार्गावर जातात, आणि मी बंडगार्डनला उतरते. एकही सिग्नल न लागता एमआयडीसीतून कोरेगाव पार्क. दोन गावांमधलं अंतर मात्र मेट्रोनं कमी झालेलं नाही, हे चहाघराचं दार उघडताच कळतं.

पावणेसहा

आत लाकूड, मंद संगीत, आणि तीन पानी मेनू. मेनूवर माझा पहिला रिपोर्ट: अतिशयोक्ती. युन्नानच्या पु-अरच्या वड्यांखाली 'प्राचीन परंपरा' असं छापलेलं होतं. कच्चा पु-अर जुना, हे खरंच. पण ज्याच्यापुढे ते लिहिलं होतं तो पिकवलेला काळा पु-अर. ओलसर ढिगात आंबवून तो करण्याची पद्धत १९७३मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. त्याहून जुने कारखाने आमच्या पिंपरीत आहेत, आणि त्यांना कुणी प्राचीन म्हणत नाही.

काउंटरमागचा मुलगा मात्र खरा निघाला. जालन्याचा. हॉटेल मॅनेजमेंट करून इथे लागलेला. त्यानं डिजिटल काट्यावर पाच ग्रॅम पान मोजलं, किटलीवर ८५ अंश लावले. मी विचारलं, "काट्याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"

तो गडबडला, मग हसला. "मॅडम, तुम्ही एफडीएच्या आहात का?"

"नाही. भोसरीची आहे."

पान त्यानं माझ्यासमोर पांढऱ्या वाटीत ठेवलं. तैवानचा 'ओरिएंटल ब्यूटी', हिरवा आणि काळा या दोहोंच्या मधला ऊलाँग. बघूनच माझा हात लाल बिनकडे जावा असा. पांढऱ्या लवेचे शेंडे, तपकिरी, तांबूस, पिवळट आणि मधूनच हिरवट, एकाच चिमटीत पाच रंग. आकार वेडावाकडा. पानांच्या कडा सुकलेल्या.

"हे खराब झालेलं आहे," मी म्हणाले.

"खराबच करतात, मॅडम. तुडतुडे लागलेले असतात."

तुडतुडे! आमच्याकडे आंब्याच्या मोहोरावरचे, कपाशीच्या पानांवरचे. "माझे वडील कपाशीवर तुडतुडा दिसला की फवारा पाठीवर घेऊन निघतात," तो म्हणाला. "तिकडे याच्यासाठी फवारणीच करत नाहीत." मग त्यानं सांगितलं ते मी नंतर घरी जाऊन वाचलंही, आणि ते खरं आहे. उन्हाळ्यात चहाच्या कोवळ्या शेंड्यांतला रस हे हिरवे तुडतुडे शोषतात. झाड जखमेला उत्तर म्हणून सुवासिक द्रव्यं तयार करतं, आणि तुडतुड्यांच्या शत्रूंना बोलावणं हेही त्या वासाचं एक काम असतं. ती पानं खुडून, कोमेजवून, बरीच तांबूस होऊ दिली की मधासारखा वास येतो. तुडतुडे लागले नाहीत तर तो वास येत नाही. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहरातल्या 'मस्कटेल' वासामागेही अशाच किड्यांचा हात असतो.

झाकणाची वाटी, पहिलं पाणी, अर्ध्या मिनिटात काढलेला सोनेरी द्रव. मध आला. त्यामागून पिकलेल्या फळाचा वास. दूध, साखर, आलं काही नाही, आणि तरी गोड. दुसऱ्या पाण्याला वास उतरून चव वर आली. तिसऱ्याला मी बोलणं थांबवलं होतं. साडेचारशे रुपये जास्तच आहेत, हे माझं मत तिसऱ्या वाटीनंतरही कायम होतं.

डोक्यात मात्र सकाळचा डेंट होता. ड्रॉइंग असलं की जखम हा दोष ठरतो. या झुडपाला ड्रॉइंगच नाही. मी त्याला विचारलं, "पुढच्या वर्षी हाच चहा असाच येईल?"

"नाही सांगता येत. तुडतुडे किती येतात, पाऊस कधी पडतो, त्यावर आहे."

चाकणचा कुठलाही कस्टमर हे वाक्य ऐकून घेणार नाही. आणि गंमत बघा, हा चहा तैवानच्या ज्या भागातून प्रामुख्यानं येतो त्यातलाच एक शिंचू. टीएसएमसीचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात बारीक चिपा बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय त्याच शिंचूत आहे. तिथे माप नॅनोमीटरमध्ये, माझ्या मायक्रॉनच्या हजाराव्या हिश्शात. त्याच परिसराच्या डोंगरउतारावर माणसं किड्याची वाट बघत बसतात. तिथला एखादा क्वालिटीवाला संध्याकाळी कुठला चहा पीत असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

रात्री साडेआठ

पंचवीस ग्रॅमची पुडी घेतलीच. पैसे घेताना मुलानं सूचना दिल्या: ८५ अंश, आणि पाणी ताजं हवं, एकदा उकळून ठेवलेलं नको. मी त्याला म्हटलं, पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं, ताज्याचं तेवढं जमवावं लागेल. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

परतीच्या मेट्रोत हिशेब लावला. स्टँडर्ड रूममधला थर्मामीटर घरी आणता येत नाही, रजिस्टरवर सही लागते. पाणी उकळून दोन-तीन मिनिटं थांबवलं की ८५च्या आसपास येईल, अंदाज माझ्या हाताला आहे.

घरी सासूबाईंनी पुडी उघडून वास घेतला. "किडलेलं आणलंस की काय?"

"हो आई. मुद्दाम."

त्यांनी पुडी पुन्हा घट्ट दुमडली आणि फडताळात गवती चहाच्या जुडीपासून लांब ठेवली, वास लागू नये म्हणून. उद्या गुरुवार, मला सुट्टी, पण आमच्या भागात पाण्याचा दिवस नाही. म्हणजे शुक्रवारी पहाटे, पहिली पाळी गाठायच्या आत.