लोकरीचं जाकीट घरी रंगवताय? इथे अन्डू बटण नाही!

आजोबांचं पांढरं लोकरी जाकीट माझ्याकडे आलं, पण पिवळट पडलेलं. टाकवेना, म्हणून कांद्याच्या सालींनी रंगवलं. रंग मस्त सोनेरी आला, पण काही शिवणी पांढऱ्याच राहिल्या! कापड लोकरीचं होतं, तिथला दोरा मात्र पॉलिस्टरचा. पॉलिस्टर असा नैसर्गिक रंग धरत नाही.

आधी काय तपासायचं?
आतल्या बाजूने कापडाचा आणि शिवणीचा एकेक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली गेली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. डागही बघा, रंगानंतर ते झाकले जातीलच असं नाही.

तुरटी कशाला?
तुरटीतलं ॲल्युमिनियम एकीकडे लोकरीला धरतं, दुसरीकडे रंगाला. दोन ॲप जोडणाऱ्या एपीआयसारखंच समजा! 250 ग्रॅमच्या जाकिटाला 25 ते 30 ग्रॅम तुरटी पुरते.

कृती
1. स्वयंपाकाला न वापरायचं, मोठं स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडाने रंग काळपटतो.
2. धुतलेलं, ओलं जाकीट तुरटीच्या कोमट पाण्यात घाला. हळूहळू 80 अंशांपर्यंत तापवा, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या.
3. कपड्याच्या वजनाइतक्या कोरड्या साली तासभर उकळा, गाळा, पाणी कोमट होऊ द्या.
4. त्यात जाकीट घालून पुन्हा तसंच तापवा आणि गार करा. साध्या पाण्यात धुऊन सावलीत आडवं वाळवा.

घाई का नको?
लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात ढवळाढवळ केली की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि नमदा बनतो. मग ते परत सैल होत नाही.

फोनची एक टीप
कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सने रंग बदलून दाखवतो. म्हणून आधीचा आणि नंतरचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा.

त्या पांढऱ्या शिवणी मी उसवणार होतो. आजी म्हणाली, "राहू दे रे. जिथे जिथे उसवलं, तिथे मीच टाके घातले होते." मग तशाच ठेवल्या.