कॅनाबिडिऑल: एका रोगाचा दाखला सर्व रोगांना लागू नाही

गांजाच्या वनस्पतीपासून निघणारे कॅनाबिडिऑल, ज्याला बाजारात सीबीडी या आद्याक्षरांनी ओळखतात, ते सांधेदुखीपासून निद्रानाशापर्यंत आणि मधुमेहापासून कर्करोगापर्यंत यच्चयावत व्याधींवर गुणकारी आहे, असे सांगणारी माणसे अलीकडे वारंवार भेटतात, आणि त्यांच्याकडे पुरावा मागितला की उत्तर ठरलेले असते, "अमेरिकेच्या सरकारनेच ते औषध म्हणून मंजूर केले आहे, मग आणखी पुरावा कशाला हवा?" चांगली सुशिक्षित, एरवी प्रत्येक गोष्ट पारखून घेणारी मंडळीही हा युक्तिवाद निःशंकपणे पुढे करतात आणि त्याच्या भरवशावर वृद्ध आईवडिलांसाठी महागड्या बाटल्या मागवतात, म्हणून त्याची सविस्तर तपासणी करणे मला अगत्याचे वाटते. मंजुरी खरी आहे. तीवरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

मंजुरी कशाला मिळाली, ते प्रथम पाहू. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये 'एपिडिओलेक्स' हे शुद्ध कॅनाबिडिऑलचे औषध मान्य केले ते ड्रावे आणि लेनॉक्स-गास्तो या, बालपणीच सुरू होणाऱ्या व नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी. २०२० मध्ये त्यांत ट्यूबरस स्क्लेरोसिस या विकारातील झटक्यांची भर पडली. या मंजुरीमागे जे प्रयोग होते त्यांपैकी एकाचा वृत्तान्त २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रावे विकाराच्या १२० मुलांना व तरुणांना, त्यांची चालू औषधे न थांबवता, काहींना कॅनाबिडिऑल आणि काहींना निव्वळ दिखाऊ द्रव देण्यात आला, तेव्हा पहिल्या गटातील झटक्यांचे मासिक प्रमाण (मध्यक) १२.४ वरून ५.९ वर उतरले आणि दुसऱ्या गटाचे १४.९ वरून जेमतेम १४.१ वर आले. ज्या घरात मुलाच्या प्रत्येक झटक्याबरोबर साऱ्या कुटुंबाचा श्वास अडकतो, त्या घराला झटके निम्म्यावर येणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, आणि या यशाचे मोल कोणीही कमी लेखू नये.

परंतु या प्रयोगातील मात्रा काय होती, हे बाटली विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही. ती होती शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज २० मिलिग्रॅम. म्हणजे २० किलो वजनाच्या बालकाला दररोज ४०० मिलिग्रॅम, आणि ६० किलो वजनाच्या प्रौढाला त्याच हिशेबाने १२०० मिलिग्रॅम. आता ज्या बाटलीत सारे मिळून ५०० मिलिग्रॅम द्रव्य आहे, तिच्यातले चार-पाच थेंब जिभेखाली ठेवणाऱ्या गृहस्थाच्या पोटात जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम जाते. प्रयोगातील मात्रा गाठायची तर त्याला रोज दोनहून अधिक बाटल्या रिचवाव्या लागतील. शिवाय बाटलीवर लिहिलेले प्रमाण तरी आत असते काय? 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, अमेरिकेत आंतरजालावरून विकत घेतलेल्या ८४ उत्पादनांपैकी केवळ ३१ टक्के उत्पादनांची चिठ्ठी खरी निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य सापडले. शुद्धता व प्रमाण काटेकोर राखलेल्या औषधाला मिळालेली सनद अशा मालाने आपल्या नावावर चालवावी, हे मला अक्षम्य वाटते.

मात्रेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी रोगाचा प्रश्न उरतोच. कोयनेल हिवतापावर उतरते म्हणून ते क्षयावरही उतरेल, असे आपल्या आजोबांच्या पिढीतही कोणी मानले नाही; मग अपस्मारावरील गुणाचा दाखला गुडघेदुखीला लागू पडतो, हे आपण कोणत्या न्यायाने मानतो? वेदनांचा प्रश्न तर स्वतंत्रपणे तपासला गेला आहे. 'जर्नल ऑफ पेन'मध्ये २०२४ साली आलेल्या समीक्षेत कॅनाबिडिऑलच्या १६ प्रयोगांचा विचार झाला, आणि त्यांपैकी १५ प्रयोगांत त्याचा परिणाम दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरला नाही. चिंताविकाराच्या बाबतीत आशेला किंचित जागा आहे: ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ मध्ये सामाजिक भयाच्या २४ रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, ज्यांना कॅनाबिडिऑल दिले त्यांची भाषण करतानाची धास्ती कमी झालेली दिसली. पण तीही ६०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने, एकाच प्रसंगी. त्यावरून महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचाराचा फैसला करता येत नाही. कर्करोगाविषयी जे बोलले जाते त्याचा आधार मुख्यत्वे काचपात्रातील पेशी आणि प्रयोगशाळेतील उंदीर एवढाच आहे, आणि तेवढ्या बळावर कोणी केमोथेरपी लांबणीवर टाकत असेल, तर तो आपल्या आयुष्याशी खेळत आहे.

आता इतर गैरसमजांचा थोडक्यात परामर्श घेतो.

कॅनाबिडिऑलने नशा चढते, हे खरे नव्हे. नशा टीएचसीची, आणि शुद्ध कॅनाबिडिऑलचे व्यसन लागण्याची लक्षणे आढळत नाहीत, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्येच दिला आहे.

ते वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, हेही खरे नव्हे. मोठ्या मात्रेत, विशेषतः व्हॅल्प्रोएट या औषधाच्या जोडीने, यकृताची विकरे वाढतात, क्लोबाझामबरोबर गुंगी वाढते, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्याच्या रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

भांगेच्या बियांचे तेल म्हणजे सीबीडी तेल नव्हे. बियांत हे द्रव्य जवळजवळ नसते, आणि त्या तेलाला भारतात २०२१ पासून मुभा आहे ती खाद्यपदार्थ म्हणून.

आयुर्वेदातील 'विजया'चा, म्हणजे भांगेचा, दाखला येथे चालत नाही. तो परंपरेतील अनुभव संपूर्ण पानाचा आहे, आणि कॅनाबिडिऑल हे द्रव्य वेगळे काढण्यात आले ते १९४० साली, रॉजर ॲडम्स यांच्या इलिनॉय येथील प्रयोगशाळेत.

भारतात ते सर्रास कायदेशीर आहे, ही समजूतही अर्धवट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची फुले-शेंडे आणि चरस यांवर बंदी घातली व पाने व्याख्येबाहेर ठेवली, तथापि औषधविषयक नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने पोटात घ्यायच्या अशा आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे सक्तीचे आहे. कर्करोग, मधुमेह किंवा अपस्मार बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानेच मना आहे, सबब तसा दावा करणारी बाटली पाहताच वाचकाने सावध व्हावे.

माझे सांगणे कॅनाबिडिऑलविरुद्ध नाही. ज्या मुलांना त्याने खरोखर दिलासा मिळाला, त्यांच्यासाठी ते मोलाचे औषध आहे, आणि अन्य विकारांवरील संशोधनही जरूर व्हावे. परंतु ज्यांच्या घरी अपस्माराचा रुग्ण आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की कोणाच्याही सांगण्यावरून चालू गोळ्या एकाएकी बंद करू नका, कारण त्याने झटक्यांचा न थांबणारा, प्राणघातक क्रम सुरू होऊ शकतो. बाटली घ्यायचीच असेल तर आधी तिची चिठ्ठी आणि रोजच्या औषधांची यादी आपल्या डॉक्टरांपुढे ठेवा. आणि कोणत्या रोगावर, किती मात्रेत व कोणत्या प्रयोगाच्या आधारे, या तीन प्रश्नांचे उत्तर मिळाल्यावाचून एक थेंबही घेऊ नका.