पुड्यावर जे छापलेले नसते

पैठण तालुक्यातले पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. इथे काम करणारी इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही गावाची दुसरी ओळख. किशोरवयीन मुलींचे आरोग्य, लवकर होणारी लग्ने, रक्तक्षय हे या संस्थेचे जुने विषय आहेत. खाद्यपदार्थाच्या पुड्यावरचे पोषणाचे लेबल वाचणे मात्र शहरातल्या, वजनाची काळजी करणाऱ्या लोकांचे काम मानले जाते. मला वाटते, त्याची खरी गरज पाचोडसारख्या गावाला आहे. फक्त प्रश्न वेगळा विचारावा लागतो. शहरातला ग्राहक पाहतो, यात काय जास्त आहे. इथे पाहायला हवे, हा पुडा पोटात कशाची जागा घेतो.

पुड्याची पुढची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ग्लुकोज बिस्किटाच्या यादीत सुरुवातीलाच मैदा, साखर, पामतेल दिसते आणि पुढे ‘इनव्हर्ट सिरप’ येते, म्हणजे पुन्हा साखरच. शेजारच्या तक्त्यात १०० ग्रॅममधले आकडे असतात आणि एका वाढपात (‘सर्व्हिंग’मध्ये) दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो तेही असते. हे वाढप दोन-तीन बिस्किटांचेही असू शकते. पुडा फोडल्यावर तिथे कोण थांबतो? म्हणून तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या आकड्यांची करावी. शिवाय टक्केवारी मोठ्या माणसाच्या २००० कॅलरी, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढतात. लहान शाळकरी पोराचा वाटा त्याहून कमी. सोडियमला अडीचने गुणले की मीठ निघते. समजा शेवेच्या १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर ते झाले दोन ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसभराच्या पाच ग्रॅमांपैकी चाळीस टक्के. पुढच्या बाजूवरच्या दाव्यालाही भुलू नये. आटवलेल्या रसात पाणी घालून केलेल्या पेयांवरचा ‘शंभर टक्के रस’ हा दावा काढून टाका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाला २०२४ च्या जूनमध्ये सांगावे लागले.

पण हे सगळे ‘जास्त काय’ याचे उत्तर झाले; पाचोडचा प्रश्न कमी काय पडते हा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागते. लोहाचा दावा केलेला नसेल तर तक्त्यात त्याची ओळ असण्याची सक्ती नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ऊर्जेचा आकडा भरघोस दिसतो, ते खाऊन भूक मरते आणि त्या वेळी खाल्ली गेली असती ती बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी राहून जाते. वर मोसंबी खाल्ली असती तर तिच्यातल्या क जीवनसत्त्वाने भाकरीतले लोह अंगी लागायला मदतच झाली असती. ‘लोहयुक्त’ लिहिलेला पुडा असेल तर आकडा छापावाच लागतो. तो ३० शी ताडून पाहावा आणि त्याच तक्त्यातली साखरही पाहावी.

कोणी म्हणेल, घरच्या चिवड्यालाही कुठे लेबल असते? खरे आहे, आणि घरचा चिवडा काही सोवळा नाही. पण त्यात मीठ किती पडले ते घालणाऱ्या हाताला ठाऊक असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावात हे वाचणार कोण? कायद्याला इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते, मराठी ऐच्छिक. एकूण पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असलेल्या पुडीला तर घटकांची यादी आणि पोषणतक्ता दोन्ही माफ. म्हणजे पोराच्या हातात सहज पडणारी सगळ्यात छोटी पुडी मुकी! तेव्हा वाचण्याचा सगळा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे. चिलीत २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर गेली की पुढच्याच बाजूला काळा अष्टकोन छापतात. तो अक्षरओळख जेमतेम असलेल्यालाही कळतो. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली. तिच्यात थोडे शेंगदाणे, थोडा तंतू घातला की साखरेचे पाप धुतले जाते, म्हणून मला ती पटत नाही. पुढच्या बाजूच्या इशाऱ्याचा निर्णय घ्या, असे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तो इशारा अष्टकोनाचा झाला तरी लोहाची उणीव तो दाखवणार नाही; ती ओळखायला शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळीबरोबरच शिकवावे लागेल.