सोल्डर की चांदीचा गोंद?

मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये माझ्याकडे एक साधं काम होतं. पातळ पीईटी फिल्मवर छापलेल्या सर्किटला काही रेझिस्टर आणि एक सेन्सर जोडायचा. पीईटी म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक. सवयीने सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि फिल्म पापडासारखी वेडीवाकडी झाली. लॅबमधली सीनियर म्हणाली, "अरे, गोंदाने चिकटव ना!"

हा गोंद म्हणजे वीज वाहून नेणारा चांदीचा गोंद. मला वाटलं, काम तेच, फक्त तापवायची कटकट नाही. इथेच चुकलो.

आधी सोल्डर समजून घेऊ. आजीकडून कल्हईबद्दल ऐकलं असेल. पितळेचं भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि कथील फिरवायचं. नवसागर पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर काढतो, मग वितळलेलं कथील स्वच्छ धातूवर पसरतं. सोल्डरिंग त्याच जातीचं काम आहे, फक्त नवसागराच्या जागी फ्लक्स असतो. कथील आणि तांबं यांच्यामध्ये दोघांच्या संयुगाचा पातळ थर तयार होतो, म्हणजे जोड सलग धातूचा होतो. शिवाय पार्ट जरा तिरका बसला, तर वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला ओढून जागेवर आणतो.

अडचण आहे उष्णतेची. कथील-शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळायचं. शिसं विषारी, म्हणून युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये त्यावर बंधन आणलं. त्याच्या जागी आलेलं कथील-चांदी-तांब्याचं मिश्रण साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं. बिस्मथचं सोल्डर १३८ अंशांनाच वितळतं, पण ते ठिसूळ असतं.

गोंदाची गोष्ट वेगळी. इपॉक्सीमध्ये चांदीचे बारीक, चपटे कण ठासून भरलेले असतात. वजनाने पाहिलं तर बऱ्याचदा ७० ते ८० टक्के चांदीच! इपॉक्सी घट्ट होताना आकसते, कण एकमेकांवर दाबले जातात आणि वीज कणावरून कणावर जाते, बांधकामावर घमेली हातोहात जातात तशी. चांदीच का? तांब्यावर चढलेला ऑक्साइड वीज अडवतो, चांदीचा तितका अडवत नाही. तरीही सलग धातूची बरोबरी होत नाही. वीज आणि उष्णता, दोन्ही वाहून नेण्यात सोल्डर कितीतरी पुढे आहे.

माझा गोंद ८० अंशांवर हळूहळू घट्ट झाला, फिल्म सपाट राहिली, रीडिंगही छान आले. मग तो ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या चाचणीत ठेवला. काही दिवसांत रोध वाढत गेला आणि शेवटी सेन्सर गप्पच झाला. सबमिशनला महिना उरला होता.

गोंद सुटला नव्हता. माझ्या पार्टच्या टोकांना कथिलाचा मुलामा होता, कारण बाजारातले बहुतेक पार्ट सोल्डरसाठीच बनतात. चांदी, कथील आणि मध्ये ओलावा म्हटल्यावर एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात कथील गंजतं आणि त्याचा ऑक्साइड वाट अडवून बसतो. जॉर्जिया टेकमध्ये डॅनियल लू, सी. पी. वाँग आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हेच कारण दाखवून दिलं होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच! चांदी-पॅलेडियमच्या टोकांचे पार्ट मागवले आणि सेन्सर चाचणीत टिकला.

म्हणून आता कोणी विचारलं की मी तीन प्रश्न उलट विचारतो. खालचा पदार्थ किती उष्णता सोसेल? पार्टच्या टोकाला कोणता धातू आहे? आणि जोड पुढे उघडावा लागेल का? सोल्डर पुन्हा वितळवता येतं, घट्ट झालेली इपॉक्सी वितळत नाही, खरवडून काढावी लागते. जास्त करंट, जास्त उष्णता किंवा दुरुस्तीची शक्यता असेल, तर सोल्डरच. प्लास्टिक, कागद किंवा उष्णता न सोसणारा सेन्सर असेल, तर गोंद. तुमच्या फोनच्या स्क्रीनच्या कडेलाही त्याचा एक भाऊबंद असतो. ती चिकट फिल्म वीज फक्त वर-खाली नेते, त्यामुळे शेजारच्या बारीक तारा एकमेकींना जोडल्या जात नाहीत.

गोंद घ्यायचा ठरलं, तर पार्ट मागवण्याआधी डेटाशीटमध्ये टोकांचा धातू बघा. माझा महिना त्या एका ओळीत गेला.