रोशाचे तेल

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांना लागून अजिंठ्याची डोंगररांग आहे. अशा कोरड्या, पानझडी रानांच्या उतारांवर पावसाळा सरता सरता जे उंच गवत फुलोऱ्यावर येते, त्याचा तुरा बोटांनी चुरला असता गुलाबाचा भास करून देणारा जो दरवळ सुटतो, त्याची कुळकथा वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि व्यापार या तिन्ही प्रांतांतून हिंडलेली आहे. हे गवत म्हणजे रोशा; कोणी त्यास रोहिस म्हणतात, कोणी तिखाडी. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील क्लॉड मार्टिन या फ्रेंच सरदाराने घाटमाथ्यावर गुरे हे उग्र वासाचे गवत मोठ्या आवडीने खाताना पाहिली, त्याचे बी लखनौस नेऊन पेरले, आणि पुढे रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचेच नाव या जातीस दिले. त्या गुरांच्या दुधालोण्यालाही तोच वास येतो, हेही रॉक्सबर्गने नोंदविले आहे.

खानदेशात हे तेल गाळण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरभराटीस आला होता. ओढ्याकाठी भट्टी मांडावी, डेगेत पाणी घालून गवत दाबून भरावे, तोंड लिंपून बांबूची नळी बसवावी आणि वाफ थंड पाण्यात बुडविलेल्या भांड्यात उतरवावी, एवढीच ती साधनसामग्री. शंभर किलो ताज्या गवतातून हाती लागावयाचे ते तेल काही शे ग्रॅमच. हा जिन्नस मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत रवाना होई. तेथे त्यास डिंकाच्या पाण्याने धुवून, उन्हात ठेवून सौम्य करीत, आणि मग गुलाबाच्या मौल्यवान अत्तरात बेमालूम मिसळीत. किलोभर गुलाबतेलास तीनचार हजार किलो फुले लागतात हे ध्यानी घेतले म्हणजे या लबाडीमागचा लोभ समजतो. परंतु ती लबाडी पचली याचे खरे कारण, निसर्गानेच दोन्हीकडे एकच द्रव्य घातलेले आहे, हे होय.

ते द्रव्य म्हणजे जिरॅनिऑल. १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे केले, आणि केले तेही गुलाबातून नव्हे, याच हिंदी गवताच्या तेलातून. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढ्या अणूंचा हा रेणू मधमाशीच्या गंधग्रंथीतही असतो आणि सोबतिणींना बोलावण्याच्या कामी येतो. गुलाबतेलात त्याच्या जोडीला सिट्रोनेलॉल आणि इतर अनेक सूक्ष्म घटक असल्यामुळे रोशास गुलाबाची पूर्ण सर येत नाही, हे खरे. तथापि रोशाला स्वतःचा असा एक हिरवा, कोवळा ताजेपणा आहे आणि नकलेपलीकडे त्याची कदर व्हावयास हवी होती, असे माझे मत आहे.

तेल गाळणारे लोक मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार सांगत. कोवळे, निळसर पांढरे ते मोतिया आणि पिकून तांबूस झाले म्हणजे तेच सोफिया, असा समज दीर्घकाळ होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र हे दोन निराळे वाण असल्याचे स्पष्ट झाले. मोतियाच्या पेशीत वीस गुणसूत्रे, सोफियाच्या पेशीत चाळीस. मोतिया निचऱ्याच्या उघड्या उतारावर विरळ वाढते, सोफिया दाट माजते. मोतियाच्या तेलात पाऊण हिश्शाहून अधिक जिरॅनिऑल, सोफियाच्या तेलात ते बरेच कमी, म्हणून त्याचा दरही उतरता. कापणीच्या वेळेलाही असेच महत्त्व आहे. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल ॲसिटेट पुष्कळ असते. तुरा पक्व होऊ लागला की वनस्पतीतील एक विकर त्याचे विघटन करून जिरॅनिऑल मोकळे करते. फुलोरा पुरता आल्यावाचून विळा लावू नये या दंडकास असा रासायनिक आधार आहे.

आज हे पीक शेतातही घेतात. ज्या लखनौत मार्टिनने बी पेरले, तेथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘तृष्णा’सारखे सुधारित वाण दिले आहेत. हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस हे गवत सोसते. १९६४ साली महिको या बियाणे कंपनीची स्थापना झाल्यापासून जालना शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. बियाण्याच्या शुद्धतेची किंमत येथे कोणास शिकवावी लागत नाही. रोशालाही तीच दक्षता लागते: रानातून सरसकट झोडलेल्या बियांत सोफिया मिसळण्याचा धोका असतो, म्हणून मोतियाचे ताटवे फुलोऱ्यात असतानाच ओळखून, खुणा करून, त्यांचेच बी राखले पाहिजे. पान खोडाशी जवळजवळ काटकोन करून पसरले असेल तर ते मोतिया. खोडालगत उभे असेल तर सोफिया.