शिष्यवृत्ती उशिरा येते, भूक मात्र वेळेवर लागते

वर्षावासात रविवारचे ग्रंथवाचन संपले की आमच्या विहारात आम्ही बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासतो. गेल्या खेपेला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आईबरोबर आली. सारखी चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, अशी तक्रार. हिमोग्लोबिन निघाले 8.4. आई म्हणाली, "पोरगी जेवतच नाही हो ताई. बारीक व्हायचं खूळ शिरलंय डोक्यात."

आईला आम्ही बाहेर बसवले आणि मुलीला एकटीला विचारले. थोडा वेळ ती गप्प राहिली, मग बोलली. आई पहाटेच घरकामाला जाते, म्हणून डब्याऐवजी कॅन्टीनसाठी 40 रुपये देते. ते पैसे ती तीन महिन्यांपासून साठवत होती. येतानाचे बसभाडे वाचवून चालत येत होती. फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही, असे कॉलेजने सांगितले होते आणि शिष्यवृत्तीचा अर्ज छाननीत अडकला होता. घरी मात्र तिने "पैसे आले" असे सांगून टाकले होते. कारण पहिल्या वर्षाच्या फीसाठी आईने कानातले गहाण ठेवले होते, ते तिने पाहिले होते.

तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. पण गोळ्यांनी हा आजार पुरता बरा होणार नाही, हे आम्हाला तेव्हाच कळले. आजार रक्तात दिसला, सुरू झाला तो फीच्या खिडकीवर. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही शिष्यवृत्ती आणि कर्जाबद्दल लिहीत आहोत.

दिवसाचा हिशेब मांडून पाहू

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. फीशिवाय मुलाच्या हातात जो निर्वाहभत्ता पडतो, तो 2021 च्या सुधारित नियमांप्रमाणे असा आहे. घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला वर्षाला 2,500 रुपये, म्हणजे दिवसाला सात रुपयेही नाहीत. बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला 3,000 रुपये, म्हणजे दिवसाला आठ रुपये. यात वही, बसभाडे आणि चहा बसवायचा.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला 60,000 ठरवली गेली. त्यात जेवणाचे 32,000. दिवसाचे झाले 88 रुपये, त्यात दोन वेळचे जेवण आणि नाश्ता. हे पैसे वेळेवर आले तर कसेबसे भागते. सहा महिने उशिरा आले तर त्या सहा महिन्यांचे जेवण कोणी परत देत नाही.

श्रीमंत घरातल्या मुलाचा अर्ज अडकला तर बाप फी भरतो आणि विसरून जातो. आपल्या घरात तोच उशीर मुलाच्या ताटातून वसूल होतो. खरी विषमता इथे आहे.

उशिराची किंमत कधी जागाच असते. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा 17,500 रुपये मुदतीत न भरता आल्याने गेली. सर्वोच्च न्यायालयाने 30 सप्टेंबरला ती परत मिळवून दिली. त्याआधी 2021 मध्ये मुंबई आयआयटीच्या बाबतीतही एका दलित मुलाला फी भरण्यातल्या अडचणीमुळे त्याच न्यायालयात जावे लागले होते. ही दोघे तिथपर्यंत पोचली. वस्तीतली कितीतरी मुले तहसीलच्या रांगेतूनच परत फिरतात.

बाबासाहेब उपाशी राहिले, म्हणून?

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येते. "बाबासाहेबांनी उपाशी राहून अभ्यास केला, तुला काय धाड भरलीय?" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मूल त्यानंतर भूक लपवायला शिकते.

बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पैसे यांच्या बळावर. उपासमार आणि कर्ज दोन्ही त्यांनी सोसले. पण पुढे त्यांनी काय केले, तेही पाहावे. 1942 मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. ते व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाच, 1944 मध्ये, केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या वाट्याला आले ते पुढच्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी त्यांनी हा हक्क मिळवला. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत झगडावे लागले. एवढ्या कष्टाने मिळालेला हक्क मुलांनी उपाशी राहून भोगायचा नाही.

कर्ज एकाचे, आजार घरभर

फीसाठी बँकेचे कर्ज मिळाले नाही की घर बचत गट, मायक्रोफायनान्स आणि सावकाराकडे वळते. हप्ता आठवड्याला येतो. मग सगळ्यात आधी आईच्या बीपीच्या गोळ्या बंद होतात, वडील साखरेची गोळी एक दिवसाआड घेतात आणि घरातले दूध तुटते. बीपीची गोळी अशी बंद केली तर लकवा मारण्याचा धोका वाढतो आणि तो खर्च कोणत्याही फीपेक्षा मोठा असतो. या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. हप्त्यासाठी गोळी थांबवू नका.

कर्ज घ्यायचेच असेल तर आधी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्ज विचारा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष व्याजाची सवलत मागता येते. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा.

घरात काय करायचे

मुलाला "अभ्यास कसा चाललाय?" विचारण्याआधी "दुपारी काय खाल्लंस?" विचारा. "फीचं काय झालं?" हेही विचारा, पण रागावून नको.

मुलीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि मुलाचे 13 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. 8 च्या खाली गेले तर थेट रुग्णालयात न्या. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. गोळीबरोबर चहा घेऊ नका, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळे झाले तरी घाबरून गोळी सोडू नका. चवळी, मेथी, नाचणी, शेंगदाणे, अंडी, सुकट, जमेल तेव्हा कलेजी, हे आपल्या बाजारातले खाणे पुरेसे चांगले आहे.

शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती घरखर्चात गेली की पुढे निकाल अडतो, म्हणून आलेल्या दिवशीच फी बाजूला काढा. खाते आधारशी जोडलेले आहे का, हे अर्जाआधी बँकेत तपासा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जातवैधता प्रवेशाच्या घाईत नव्हे, बारावीचे वर्ष सुरू होतानाच काढायला घ्या. कॉलेजने मूळ कागदपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसीने 2018 मध्येच सांगितले आहे. अडवणूक झाली तर लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि समाजकल्याण कार्यालयात जा.

मूल गप्प गप्प राहते, रात्रभर जागते, आवडत्या वस्तू वाटून टाकते, "मी तुमच्यावर ओझं झालोय" असे बोलते, तेव्हा ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, जवळ बसून सरळ विचारा. विचारल्याने वाईट विचार वाढत नाहीत, मन हलके होते. 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येते.

त्या मुलीच्या आईला आम्ही नंतर आत बोलावले आणि मुलीनेच तिला सगळे सांगितले. आई रागावली नाही. म्हणाली, "कानातलं सोडवायचं राहू दे बाळा. तू आधी जेव." पुढच्या सोमवारी महिला मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर कॉलेजात गेल्या आणि अर्जाची पोच दाखवून परीक्षेचा फॉर्म भरून आल्या. शिष्यवृत्ती अजून यायची आहे. हिमोग्लोबिन 9.6 वर आले आहे.

आता रविवारी बीपीच्या मशीनशेजारी आम्ही एक वही ठेवली आहे. कोणाचा अर्ज कुठे अडकला, ते त्यात लिहायचे आणि चौघांनी मिळून पाठपुरावा करायचा. तुमच्याही विहारात अशी वही ठेवा. जय भीम.